शुगरच्या आजाराचा घरखर्च नक्की मोजायचा कसा? प्रबंधासाठी मदत हवी आहे

सातपूरचा_मुलगा:

नमस्कार मंडळी, मी नाशिकचाच, एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातलं मास्टर्स) दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय घेतलाय टाईप टू डायबेटिसच्या उपचारावर घरटी होणारा खर्च. गाईड म्हणाले दीडशे पेशंट घे, डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, अ‍ॅडमिट झाले असतील तर ते बिल, सगळं विचार आणि बेरीज करून सरासरी काढ. ऐकायला सोपं वाटलं, पण प्रश्नावली आधी घरीच चालवून बघू म्हटलं आणि तिथेच अडकलोय.

वडलांना शुगर होऊन अकरा वर्षं झाली, बीपी पाच-सहा वर्षं. एमआयडीसीत एका छोट्या युनिटला होते, या मे महिन्यात रिटायर झाले. आमची आई कॅलेंडरच्या पानामागे दुधाचा हिशेब लिहिते आणि त्याच्याच शेजारी "ह्यांच्या गोळ्या" म्हणून महिन्याचा आकडा लिहून ठेवते, डॉक्टर आणि लॅब वेगळं. त्यामुळे मला आयताच डेटा मिळाला. गोळ्यांचं जानेवारीत १,८४०, मग १,८३०, १,८५०, १,८४०, मे मध्ये १,८४०, आणि जूनपासून एकदम १,२३०, १,२२०, ऑगस्टला परत १,२३०. वडलांना विचारलं तर म्हणाले आता स्वस्तातल्या घेतो. मला खूप बरं वाटलं, म्हटलं जेनेरिकमुळे किती वाचतं याचं उदाहरण घरातच सापडलं, प्रबंधात एक चौकट करून टाकतो.

पण बाकीचं डोक्यात बसत नाहीये. कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे रिक्षा, आधी नोकरी होती तेव्हा अर्ध्या दिवसाचे खाडे, आई सोबत जाते तिचा वेळ, घरात वेगळी ज्वारीची भाकरी, वेगळी भाजी, हे सगळं खर्चात धरायचं का? धरलं तर कुठे थांबायचं? आणि वाचलेले बरेचसे पेपर इंग्लंड-अमेरिकेतले आहेत, त्यात नवं औषध परवडतं असं निघतं, ते आपल्याकडे लावता येतं का? कोणी या विषयात काम केलेलं असेल तर प्लीज सांगा, ऑक्टोबरात सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाची रूपरेषा, द्यायचा आहे.


आकडेमोड_नाशिकरोड:

विषय चांगला घेतलायस. मी मूळचा नाशिकरोडचा, हेल्थ इकॉनॉमिक्समध्येच नोकरी करतो, त्यामुळे थोडं लांब लिहितोय, वाच निवांत.

पहिलं म्हणजे हे ठरव की तू कोणाच्या खिशातून बघतोयस. सरकारच्या खिशातून बघितलं तर तुझ्या आईचा वेळ शून्य रुपये, हॉस्पिटलच्या खिशातून बघितलं तरी शून्य, घराच्या खिशातून बघितलं तर तो खर्च आहेच. याला आमच्याकडे पर्स्पेक्टिव्ह म्हणतात आणि हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर नसेल तर पुढची सगळी बेरीज लटकते. तुझा विषय "घरटी" आहे, मग रिक्षा धर, खाडा धर, सोबत येणाऱ्याचाही वेळ धर. वेळेची किंमत लावायला बुडालेली मजुरी घेतात, आणि ज्यांना पगार नाही त्यांच्यासाठी किमान वेतनाचा दर लावतात, तो परफेक्ट नाही पण शून्यापेक्षा बरा. भाकरीचं म्हणशील तर फक्त वरचा फरक धर, घर तसंही जेवणारच होतं.

दुसरं, तू करतोयस तो "आजाराचा खर्च" प्रकारचा अभ्यास आहे. तो किती जातंय ते सांगतो, पैसे कुठे लावले तर जास्त उपयोग होईल ते सांगत नाही. ते सांगायला खर्चासोबत फायदाही मोजावा लागतो, आणि तिथे क्वाली येतं, म्हणजे आयुष्याची वर्षं गुणिले त्या वर्षांतली तब्येत. पूर्ण धडधाकट वर्ष असेल तर एक, पाय गेलेला, नजर गेलेली असेल तर एकापेक्षा कमी. ही तब्येत मोजायला ईक्यू-फाइव्ह-डी नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे, तिच्यासाठी भारतीयांची स्वतःची मूल्यं २०२२ मध्ये पीजीआय चंदीगडच्या टीमने प्रसिद्ध केली, त्याआधी आपण बाहेरच्यांची उसनी वापरायचो. तुझ्या दीडशे लोकांना तेवढे पाच प्रश्न जास्तीचे विचार, पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

आता परदेशी पेपरांचं. त्यातला वैद्यकीय परिणाम बऱ्यापैकी घेता येतो, रुपये घेता येत नाहीत. इंग्लंडचा यूकेपीडीएस हा डायबेटिसचा मोठा अभ्यास बघ, १९७७ ला सुरू झाला, नव्याने निदान झालेले ५,१०२ पेशंट, १९९८ ला निकाल आले. साखर कडक ताब्यात ठेवली तर डोळे-किडनी अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी कमी झाल्या. रक्तदाब कडक ठेवलेल्या गटात डायबेटिसशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पॅरालिसिसचे झटके ४४ टक्क्यांनी कमी झाले. हे शरीराचं गणित आहे, ते नाशिकलाही तसंच चालेल असं धरायला हरकत नाही. पण तिथे नर्सचा तास, बेडचा दिवस, गोळीचा भाव सगळं वेगळं, आणि मुख्य म्हणजे तिथे पेशंट ते पैसे काउंटरवर मोजत नाही.

आपल्याकडचं वाचायचं तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमचे दोन पेपर आधी वाच. एक २००७ चा, ५५६ पेशंटचा, त्यात शहरी पेशंटचा वर्षाचा मध्यक (सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले की मधला येतो तो) खर्च १०,००० रुपये आणि ग्रामीणचा ६,२६० निघाला होता. रक्कम आता जुनी झाली पण खरी गोष्ट पुढे आहे, शहरातला गरीब माणूस कमाईच्या ३४ टक्के आणि खेड्यातला गरीब २७ टक्के फक्त शुगरवर घालवत होता. दुसरा त्यांचा प्रतिबंधाचा अभ्यास, ५३१ लोक, ज्यांची शुगर अजून झालेली नाही पण काठावर आहे असे. नुसतं चालणं-जेवण सुधारून तीन वर्षांत नव्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने २६.४ टक्क्यांनी, दोन्ही एकत्र करून २८.२, म्हणजे दोन्ही केल्याने जास्तीचं काही हाती लागलं नाही. आणि एका माणसाचा डायबेटिस टाळायला खर्च किती आला तर चालण्या-जेवणाच्या वाटेने ४७,३४१ रुपये, गोळीच्या वाटेने ४९,२८०, दोन्ही एकत्र ६१,१३३. त्यातलं खर्चाचं टेबल नीट बघ, काय काय धरलंय आणि काय सोडलंय ते, तुझ्या "कुठे थांबायचं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आणि एक कळकळीने सांगतो, नुसती सरासरी काढू नकोस. दीडशेतले चार जण अ‍ॅडमिट झालेले निघाले तर ते चौघं सगळी सरासरी वर ओढून नेतील आणि उरलेल्या १४६ जणांचं चित्र पुसलं जाईल. मध्यक दे, आणि घरखर्चाच्या १० टक्क्यांहून जास्त औषधोपचारावर जाणारी घरं किती ते दे. विचारताना ओपीडीचं मागच्या पंधरा दिवसांचं किंवा महिन्याचं विचार, अ‍ॅडमिटचं वर्षाचं विचार, वर्षभराच्या गोळ्या कोणाला आठवत नाहीत. तुझ्या आईसारखं लिहून ठेवणारं घर दीडशेत क्वचित सापडेल, त्या कॅलेंडरचे फोटो काढून ठेव.


पंचवटी_औषधवाले:

पोरा, मी केमिस्ट आहे, सव्वीस वर्षं काउंटरवर उभा आहे, गोळे कॉलनीतून माल उचलतो आणि पंचवटीत दुकान. वरच्या साहेबांनी लिहिलंय ते अभ्यासाचं, ते बरोबरच असेल. मी तुझ्या आईने लिहिलेल्या आकड्यांवर बोलतो कारण ते वाचून मला राहवलं नाही.

१,८४० चे १,२३०. भागून बघ. बरोबर दोन तृतीयांश येतात. आता जेनेरिकवर गेलेल्या माणसाचं बिल असं पडत नाही रे. सगळ्या गोळ्या एका प्रमाणात स्वस्त होत नाहीत, मेटफॉर्मिन मुळातच एक-दोन रुपयांची गोळी, तिच्यात वाचून वाचून किती वाचणार, आणि दुसऱ्या एखाद्या ब्रँडमध्ये गोळीमागे आठ-दहा रुपयांचा फरक पडतो. त्यामुळे बिल वेडंवाकडं पडतं, कधी निम्म्यावर येतं, कधी पाव. सगळंच्या सगळं नेमकं दोन तृतीयांश झालं याचा अर्थ काउंटरवर मला एकच माहिती आहे, तीन स्ट्रिपांच्या जागी दोन. महिन्याला वीस दिवसांचं औषध. आणि ते जूनपासून, म्हणजे पगार बंद झाल्यापासून. मी चूक असलो तर मला आनंदच आहे, पण आज घरी गेलास की चौकट-बिकट करायच्या आधी बिलं काढ आणि रुपये नको बघू, नग बघ.

आमच्याकडे हे रोज चालतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लोक पूर्ण स्ट्रिप नेतात, वीस तारखेनंतर कात्रीने कापून चार गोळ्या द्या, सहा द्या. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की वह्या-पुस्तकं, आणि त्याच महिन्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या कमी जातात, मी माझ्या रजिस्टरमध्ये दाखवू शकतो. आणि चार गोळ्यांपैकी कुठली सोडायची ते पण ठरलेलं असतं, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची आधी, कारण त्यांनी काही "जाणवत" नाही. शुगरची शेवटी.

स्वस्ताईचं म्हणशील तर ती खरोखर आलेली आहे आणि ती मोजलीच पाहिजे. शुगरच्याच एम्पाग्लिफ्लोझिन गोळीचं पेटंट २०२५ च्या मार्चमध्ये संपलं, साठ रुपयांच्या आसपास जाणारी गोळी बघता बघता दहा-पंधरापर्यंत आणि काही कंपन्यांची त्याच्याही खाली आली. डॅपाग्लिफ्लोझिन २०२० ला, सिटाग्लिप्टिन २०२२ ला असंच उतरलं. त्यात २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून औषधांवरचा जीएसटी बाराचा पाच टक्के झाला, म्हणजे जुनी-नवी बिलं एका रांगेत लावणार असशील तर हे वजा करून लाव. पण भाव उतरला तरी जुनंच प्रिस्क्रिप्शन घेऊन जुनाच ब्रँड महागात नेणारे खूप आहेत, बदलून देऊ का विचारलं तर घाबरतात, डॉक्टरांनी हीच लिहिलीय म्हणतात. आणि डॉक्टरला परत दाखवायला जायचं तर फी आहे, म्हणून जात नाहीत. हे चक्र तुझ्या प्रश्नावलीत कुठे येणार ते बघ.


निफाडची_सून:

मी डॉक्टर नाही की अभ्यासक नाही, शेतकरी आहे, पण दादाने विचारलंय की काय काय धरायचं म्हणून आमच्या घरचं सांगते.

सासऱ्यांना शुगर पंधरा वर्षं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीच्या वेळी द्राक्षाच्या बागेत मांडवाच्या तारेचा तुकडा चपलेतून तळव्यात गेला. त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी ओट्यावर पाय धुताना मी पाणी लाल झालेलं बघितलं म्हणून समजलं, तार अजून आतच होती. तालुक्याला दाखवलं, पट्टी केली, गोळ्या दिल्या, कोणी बोटं दाबून बघितली नाहीत की पायाला संवेदना आहे का. बारा-तेरा दिवसांनी वास यायला लागला. मग नाशिकला नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं, त्याबद्दल तक्रार नाही, तिथे आमचे थोडेच पैसे गेले. कागदावर बघितलं तर आमचा खर्च जवळपास काहीच नाही. पण नंतर दोन महिने एक दिवसाआड ड्रेसिंगला नाशिक, गाडीचं डिझेल, बाहेरून आणायचं ड्रेसिंगचं सामान, ते योजनेत नाही. घरचे त्यांच्यासोबत जाणार म्हणून छाटणीनंतर पेस्ट लावायला, पुढे थिनिंगला (मणी विरळ करायला), डिपिंगला (घड औषधात बुडवायला) माणसं रोजाने लावली आणि मालक बागेत नसल्यावर काम कसं होतं ते शेतकऱ्याला विचारा, त्या वर्षी मणी नीट फुगलेच नाहीत, एक्सपोर्टवाल्याने माल नाकारला आणि लोकल बाजारात द्यावा लागला. दादा, तो फरक तू कुठे लिहिणार? त्याच्यावर कुठल्या दवाखान्याचा शिक्का नाही. मोठ्या मुलीचा क्लास त्या वर्षी बंद केला, तो पण शुगरचाच खर्च आहे असं मी तरी धरते.

आता मी रोज रात्री त्यांचे तळवे बॅटरी लावून बघते, बोटांच्या मधे पण. चपला एमसीआरच्या मऊ आणून दिल्यात. याला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. हे पंधरा वर्षांत आम्हाला एकदा तरी कोणी सांगितलं असतं तर.


जुन्या_सिस्टर:

ताई, वाचून फार वाईट वाटलं. मी आरोग्य केंद्रात नोकरी करून रिटायर झाले, पेठ-सुरगाणा बाजूला बरीच वर्षं होते. तळव्याला सुताएवढा नायलॉनचा दोरा टेकवून तो जाणवतो का ते बघायचं असतं, मोनोफिलामेंट म्हणतात, दोन मिनिटांचं काम आहे आणि ते प्रत्येक शुगरच्या पेशंटला वर्षातून एकदा तरी व्हायला पाहिजे. तुमच्याकडे झालं नाही हे चूकच.

मला मुलाला दोन गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिन, बीपीच्या गोळ्या फुकट असतात, तीस वर्षांवरच्यांची तपासणी पण फुकट, हे खूप लोकांना माहीतच नसतं. पण फुकट म्हणजे बिनखर्चाचं नाही बाळा. आम्ही दहा-पंधरा दिवसांच्याच गोळ्या द्यायचो कारण साठा तेवढाच यायचा. पाड्यावरून बाई जीपने येणार, जायचे-यायचे पैसे, दिवसाची मजुरी गेली, त्यात कधी कधी गोळीच संपलेली. तिसऱ्या खेपेला ती येत नाही. रजिस्टरला आम्ही तिला "उपचार सोडला" असं लिहायचो, आज मला ते लिहिल्याचं वाईट वाटतं, तिने कुठे सोडला होता. महिन्याच्या किंवा दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर किती खेपा वाचतात हे तुझ्यासारख्या कोणीतरी रुपयांत मांडून दाखव, तो आकडा वर पोचला तर आमच्या नर्स मुलींना वापरता येईल.

दुसरं बीपीचं. केमिस्ट दादांनी लिहिलंय की बीपीची गोळी आधी सोडतात. तेच मी पण बघितलं. आणि पॅरालिसिस झालेला माणूस घरात असला की त्याच्यासोबत एक धडधाकट माणूस पण जन्माचा घरात बसतो, बहुतेक सून नाहीतर मुलगी.


आकडेमोड_नाशिकरोड:

सिस्टर, तुमचं अनुभवाने आलेलं म्हणणं कागदावरही तसंच निघालेलं आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या गटाने टाईप टू च्या पेशंटवर तीन गोष्टींचा हिशेब मांडला होता. साखर कडक ठेवायला एका क्वालीमागे ४१,३८४ डॉलर लागत होते, कोलेस्टेरॉलला ५१,८८९, आणि रक्तदाब कडक ठेवला तर उलट १,९५९ डॉलर वाचत होते. म्हणजे ज्या गोळीने पैसे वाचतात तीच आपल्याकडे पहिली सुटते. हे आकडे इथे जसेच्या तसे लावायचे नाहीत, पण क्रम विचार करण्यासारखा आहे.

आणि निफाडच्या ताईंचं लिहिणं, सातपूरच्या मित्रा, हे प्रश्नावलीत कसं आणायचं ते बघ. आपल्या योजनांचा ढाचा असा आहे की अ‍ॅडमिट झालात तर महात्मा फुले योजना आहे, आयुष्मान आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण अ‍ॅडमिट होऊ नये म्हणून रोज जी गोळी खायची, जी तपासणी करायची, ती ओपीडीत मोडते आणि तिथे बहुतेक घरं स्वतःच्या खिशातून भरतात. पाय कापायला पैसे मिळतात, पाय वाचवायला मिळत नाहीत. देशभरातला एकूण आरोग्यखर्चातला खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ पर्यंत खाली आलाय, ही सुधारणा मोठी आहे, पण डायबेटिस हा ओपीडीतच चाळीस वर्षं काढणारा आजार आहे, त्याला त्या सुधारणेचा हिस्सा कमी मिळतो असं माझं मत आहे. २०२३ ला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) इंडियाब अभ्यासाने देशात १०.१ कोटी डायबेटिसवाले आणि १३.६ कोटी काठावरचे सांगितले. तेवढ्या लोकांच्या गोळ्यांचे नग मोजायला हवेत.

म्हणून दोन खर्च वेगळे कॉलम कर, एक केलेला आणि एक टाळलेला. टाळलेला म्हणजे जे डॉक्टरने सांगितलं होतं आणि घेतलं नाही. तो सध्या कुठल्याच बेरजेत येत नाही, उलट कमी खर्च म्हणून चांगला दिसतो.


सातपूरचा_मुलगा:

दोन दिवस लिहिलं नाही, माफ करा. काका, तुमचंच बरोबर निघालं.

परवा रात्री आईच्या डब्यातून बिलं काढली, नग बघितले. तीन स्ट्रिपच्या जागी दोन, चारही औषधांच्या. ब्रँड तोच. वडलांना विचारायची हिंमत होत नव्हती, जेवण झाल्यावर विचारलं. आधी काही बोलले नाहीत. मग म्हणाले दोन दिवस घेतो आणि तिसऱ्या दिवशी शरीराला आराम देतो, काही फरक पडत नाही, मला बरं वाटतंय. मग थोड्या वेळाने म्हणाले तुझी परीक्षा फी जूनमध्येच भरायची होती ना. मला पुढे बोलता आलं नाही. आईला माहीत होतं. काल सकाळी लॅबला नेलं, तीन महिन्यांची सरासरी साखर, जी मार्चला ७.२ होती ती ८.९ आली, बीपी १६४/९६. मी हे "जेनेरिकची बचत" म्हणून छापणार होतो.

डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी स्वतःहून दोन औषधं स्वस्तातली बदलून दिली, आता पूर्ण तीस दिवसांचं बिल आधीच्या वीस दिवसांच्या बिलापेक्षा कमी येतंय. एवढंच करायचं होतं आणि तीन महिने गेले.


अंबड_लिंकरोड:

भावा, एक महत्त्वाचं. वडील एमआयडीसीत होते म्हणालास, त्यांचा ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) कापला जायचा का? पगाराच्या स्लिपवर ०.७५ टक्के बघ. कमीत कमी पाच वर्षं विमा असलेल्या नोकरीत राहून निवृत्तीच्या वयाला रिटायर झालेल्या माणसाला वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचं उपचाराचं कार्ड चालू ठेवता येतं. ओपीडीची औषधं पण त्यात येतात. कंपनीकडून निवृत्तीचं पत्र घ्यायचं, शाखा कार्यालयात अर्ज द्यायचा. माझ्या वडलांचं मी केलंय, तीन-चार खेपा झाल्या पण झालं. युनिटमधून कोणीच सांगत नाही, माझ्या वडलांसोबत रिटायर झालेल्यांपैकी फक्त आम्हीच केलं होतं, बाकीच्यांना मी नंतर फोन करून सांगितलं.


सातपूरचा_मुलगा:

कापला जायचा! डिस्पेन्सरीची वेळ आणि शिफ्ट जुळायची नाही म्हणून आम्ही कायम बाहेरच दाखवलं आणि रिटायर झाल्यावर कार्ड बंदच झालं असं समजून बसलो. सोमवारी जातो. खूप खूप आभार, आणि हा प्रश्न पण प्रश्नावलीत टाकतोय, कोणत्या योजनेला पात्र आहात आणि त्यातली किती वापरता.

गाईडशी बोललो. "टाळलेला खर्च" हा वेगळा भाग घ्यायला हो म्हणाले, आणि दीडशेपैकी निदान पन्नास जणांचे नग केमिस्टच्या बिलावरून तपासून घ्यायचे. सध्या वाक्य असं लिहिलंय, "गेल्या महिन्यात पैशांअभावी आपण एखादे औषध घेणे बंद केले होते का?" काका, तुम्ही रोज लोकांशी बोलता, हे लोकांना कळेल ना? आणि तुमच्या दुकानात बसून दहा-पंधरा जणांना विचारून बघू का, त्यांची परवानगी घेऊनच.


पंचवटी_औषधवाले:

हे वाक्य नको. कोणी हो म्हणणार नाही. "बंद" म्हटलं की माणसाला वाटतं आपण काही गुन्हा केला, आणि "पैशांअभावी" म्हटलं की मान खाली जाते, शेजारी ओळखीचा उभा असला तर बिलकुल नाही. तुझ्या वडलांना विचारलं असतंस तर त्यांनी पण नाहीच सांगितलं असतं, त्यांच्या मते त्यांनी बंद केलेलंच नव्हतं. लोक काय म्हणतात माहितीये का, "पुरवून घेतो." "मागची स्ट्रिप पुरवून घेतली." असं विचार, "डॉक्टरांनी तीस दिवसांच्या दिल्या होत्या, तुम्हाला त्या किती दिवस पुरल्या?" आणि मग गप्प बस. सांगतात. पस्तीस म्हणतात, चाळीस म्हणतात, एक आजी आहेत त्या पन्नास म्हणतात आणि वर चांगलं वाटून सांगतात. त्या आजींना मी दर वेळी गोळ्या नीट घ्या सांगतो, त्या मान हलवतात.

ये तू, मंगळवारी दुपारी तीननंतर गर्दी कमी असते, मागे स्टूल ठेवतो. वडलांना पण घेऊन ये, दोन्ही नव्या स्ट्रिपांच्या मागे तारखा लिहून देतो, रोजची एक.